लिबरल आर्ट्स कॉलेजात प्रीमेड करताना संशोधन कसं मिळवायचं आणि कसं टिकवायचं

अमेरिकेत मेडिकलला जाण्याआधी सहसा चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. ‘प्रीमेड’ हे त्या पदवीचं नाव नाही. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र यांचे ठरलेले कोर्स घेत मेडिकलच्या अर्जाची तयारी करणारा कोणीही प्रीमेडच, मग पदवी इतिहासाची असली तरी. ही चार वर्षं लिबरल आर्ट्स कॉलेजात, म्हणजे मुख्यतः पदवीचंच शिक्षण देणाऱ्या छोट्या कॉलेजात, काढायची म्हटलं की घरून पहिला प्रश्न येतो: जेमतेम दीड-दोन हजार मुलांचं कॉलेज, शेजारी मोठं हॉस्पिटल नाही, पीएचडी करणारं कोणी नाही, मग तिथे संशोधन कसलं होणार?

पीएचडीचे विद्यार्थी नसतात, हीच तिथली सोय आहे. मोठ्या विद्यापीठाच्या लॅबमध्ये वर प्राध्यापक, खाली पोस्टडॉक (पीएचडी झालेले संशोधक), त्याखाली पीएचडीवाले आणि तळाशी पदवीचा विद्यार्थी अशी उतरंड असते. तळाच्या मुलाला प्राध्यापक महिन्यातून एकदा दिसले तरी खूप. लिबरल आर्ट्स कॉलेजात प्राध्यापकाचं सगळं संशोधन पदवीच्याच मुलांच्या हातून होतं. प्रयोग फसला की त्याच दुपारी प्राध्यापक शेजारी उभे राहून जेल (डीएनएच्या पट्ट्या दाखवणारा थर) बघतात. जेनिफर डाउडना यांनी पोमोना कॉलेजात शॅरन पॅनासेन्को यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत काम केलं. १९८५ मध्ये त्या तिथून पदवीधर झाल्या आणि २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९८९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी टॉम चेक हे ग्रिनेल कॉलेजचे. आयोवात मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं हे कॉलेज आहे.

उणिवाही खऱ्या आहेत. प्राध्यापक सत्रभर शिकवण्यात गुंतलेले असतात, म्हणून कामाला वेग उन्हाळ्यातच येतो. महागडी यंत्रं मोजकी असतात आणि पेपर सावकाश निघतात. तेव्हा पेपर किती निघतील यावर या संशोधनाची किंमत करू नका. एक प्रश्न दोन वर्षं स्वतःच्या हाताने धसास लावायला मिळणं, आणि ते जवळून पाहिलेल्या माणसाने तुमच्याबद्दल पत्र लिहिणं, ही इथली कमाई आहे. पुढचं सगळं नियोजन याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी अर्जाची तारीख, मग उलटं मोजायचं

तिकडे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी. बहुतेक एमडी कॉलेजांचा अर्ज एएमकॅस या सामाईक पद्धतीने जातो. अर्ज मे महिन्यात उघडतो, मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला पाठवता येतो, आणि प्रवेश पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मिळतो. म्हणजे पदवीनंतर लगेच मेडिकलला जायचं असेल, तर अर्ज तिसरं वर्ष संपताच जातो. चौथ्या वर्षाचा थीसिस तेव्हा सुरूही झालेला नसतो. अर्जात तो ‘पुढे अपेक्षित तास’ एवढाच दिसतो.

अनेकांचा हिशेब इथेच चुकतो. रीड कॉलेजात प्रत्येकाला चौथ्या वर्षी थीसिस करावाच लागतो, कॉलेज ऑफ वूस्टरमध्येही प्रत्येकाचा स्वतंत्र प्रकल्प असतो. ‘तेव्हा संशोधन होईलच’ म्हणून थांबलेला विद्यार्थी अर्जाच्या वेळी मोकळ्या हाताने उभा असतो. दोनच मार्ग आहेत. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात लॅबमध्ये पाय ठेवायचा, नाहीतर पदवीनंतर एखादं वर्ष थांबून अर्ज करायचा. असं वर्ष घेणं आता अगदी नेहमीचं झालं आहे. संशोधन मनापासून करायचं असेल तर दुसरा मार्ग जास्त चांगला, कारण थीसिस पूर्ण होऊन अर्जात बसतो आणि एमसीएटी या प्रवेशपरीक्षेला मोकळा वेळ मिळतो.

तासांचा अंदाज असा. सत्रात आठवड्याला ८ तास, १४ आठवडे, म्हणजे ११२. उन्हाळ्यात आठवड्याला ४० तास, १० आठवडे, म्हणजे ४००. दोन उन्हाळे आणि तीन सत्रं मिळून ११३६ तास होतात. एमडीच्या अर्जाला हे भरपूर आहे. किंबहुना एमडीसाठी संशोधन सक्तीचं नाहीच. रुग्णांच्या सहवासातलं काम आणि सेवा यांची जागा ते घेऊ शकत नाही. डॉक्टरांच्या मागे उभं राहून ओपीडी पाहणं म्हणजे संशोधन नव्हे, आणि लॅबमधले तास म्हणजे रुग्णसेवा नव्हे. अर्जातही हे रकाने वेगळे आहेत. एमडी-पीएचडीचा, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधन अशा जोड पदवीचा, विचार असेल तर मात्र संशोधन हाच अर्जाचा कणा.

भारतीय पासपोर्टवर, एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्याच वर्षी समजून घ्यावी. अमेरिकेतली बहुतेक मेडिकल कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज विचारात घेत नाहीत. जी घेतात त्यांतली काही तर अनेक वर्षांची फी आगाऊ बाजूला ठेवल्याचा पुरावा मागतात. कोणतं कॉलेज काय करतं हे एमएसएआर या अधिकृत यादीत बघायला मिळतं. ही यादी समोर ठेवूनच पुढची पावलं टाका. घरच्यांनाही ती दाखवा.

लॅब शोधणं

विभागाच्या पानावर जीवशास्त्र, रसायन, मानसशास्त्र, न्यूरोसायन्स, गणित-संख्याशास्त्र आणि मानववंशशास्त्र अशा सगळ्या विभागांतल्या प्राध्यापकांची यादी काढा. छोट्या कॉलेजात ही २५-३० नावं होतात. मग प्रत्येकाबद्दल चार गोष्टी तपासा.

पहिली: पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या शोधपानावर नाव घालून गेल्या पाच-सहा वर्षांचे पेपर बघा. सहलेखकांत त्याच कॉलेजचे विद्यार्थी आहेत का? बऱ्याच प्राध्यापकांच्या यादीत विद्यार्थ्यांच्या नावापुढे फुली किंवा तारा असतो.

दुसरी: पैसा. एनआयएच आणि एनएसएफ या अमेरिकन सरकारच्या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्था. एनआयएचच्या रिपोर्टर या शोधपानावर आणि एनएसएफच्या ग्रँट यादीत नाव शोधा. एनआयएचची आर१५ ग्रँट खास अशा संस्थांसाठी आहे, ज्यांना एनआयएचकडून फारसा निधी मिळत नाही. त्यात विद्यार्थ्यांना संशोधनात घेणं हा उद्देशच धरलेला असतो. एनएसएफकडे याच धर्तीची आरयूआय आहे. चालू आर१५ किंवा आरयूआय दिसली, तर समजा की त्या प्राध्यापकाला हात हवे आहेत आणि उन्हाळ्याचा पगार निघण्याची शक्यता आहे. ग्रँट कोणत्या वर्षी संपते तेही टिपून ठेवा.

तिसरी, आणि हमखास राहून जाणारी: सबॅटिकल. प्राध्यापक काही वर्षांनी सहा महिने किंवा वर्षभर रजेवर जातात आणि लॅब थंडावते. तुमचं तिसरं वर्ष आणि त्यांची रजा एकाच वेळी आली, तर ऐन मोक्याला काम तुटतं. कायम नेमणुकीचा निर्णय जवळ आलेल्या तरुण प्राध्यापकांकडे उत्साह आणि निकड दोन्ही असतात. तिथे काम जोरात चालतं, पण निर्णय विरुद्ध गेला तर लॅबच बंद होते.

चौथी: लॅबमध्ये आत्ता असलेले विद्यार्थी. कॅफेटेरियात त्यांच्यासोबत जेवायला बसा. ‘काम न जमल्यावर प्राध्यापक काय म्हणतात?’ या एका प्रश्नाच्या उत्तरातून बरंच कळतं.

विल्यम्स, मिडलबरी, कोल्बी, ओबर्लिन अशा कॉलेजांत जानेवारीचं छोटं सत्र असतं. त्या महिन्यात प्रत्येक मूल कोणत्या तरी एकाच कामावर असतं. लॅब आपल्याला रुचते का, हे आजमावायला याहून चांगला महिना नाही. कॉलेजाच्या आजूबाजूलाही नजर टाका. हॅव्हरफर्ड, ब्रिन मॉर आणि स्वार्थमोर फिलाडेल्फियाच्या उंबरठ्यावर आहेत. मॅकॅलेस्टर सेंट पॉलमध्ये आहे, म्हणजे मिनेसोटा विद्यापीठ जवळ. तरी सत्र चालू असताना पाऊण तासाचा प्रवास करून बाहेरच्या लॅबमध्ये जाणं सहसा टिकत नाही. ते उन्हाळ्यासाठी ठेवा.

ईमेल

छोट्या कॉलेजात ईमेल ही फक्त दारावरची टकटक. खरं बोलणं ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या भेटीच्या वेळेत होतं, तरीही ईमेल नीट लिहावा लागतो. भारतातून नुकत्याच आलेल्या मुलांचा हात ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’कडे वळतो. तिकडे तो मजकूर शंभर जणांना पाठवल्यासारखा वाटतो. ‘डिअर प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव, एवढंच लिहा. मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवा आणि त्यात चार गोष्टी सांगा: तुम्ही कोण आणि कोणत्या वर्षाला, त्यांच्या एका पेपरमधली एक नेमकी गोष्ट आणि त्यावरचा तुमचा प्रश्न, आठवड्यातले कोणते तास मोकळे आहेत, आणि भेटीची विनंती.

दुसरी गोष्ट सगळ्यात जड. ‘तुमचं काम मला फार आवडलं’ यातून काहीच कळत नाही. ‘तिसऱ्या आकृतीत जनुक काढल्यावर अळ्यांची हालचाल कमी झाली, पण तापमान वाढवल्यावर फरक उरला नाही, तो परिणाम प्रथिनाच्या घडीमुळे असेल का?’ असं लिहिणाऱ्याने पेपर वाचला आहे हे एका ओळीत दिसतं. प्रश्न बाळबोध असला तरी चालतो, मात्र तो तुमचा असायला हवा. एआयकडून लिहून घेतलेला प्रश्न भेटीत पहिल्या दोन मिनिटांत उघडा पडतो, कारण प्राध्यापक त्यावरच बोलायला लागतात.

दुसऱ्या सत्रात काम हवं असेल तर ऑक्टोबरात लिहा, उन्हाळ्याचं हवं असेल तर जानेवारीच्या आत. कॉलेजच्या समर फेलोशिपची मुदत बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि अर्जाला प्राध्यापकाची संमती लागते. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा, नंतर सरळ ऑफिस अवर्सला जा.

पहिल्या भेटीत विचारायचं ते असं: मला शिकवणार कोण? पहिल्या सत्रात माझं काम काय असेल? उन्हाळ्याचा पैसा ग्रँटमधून येतो की कॉलेजातून? काम क्रेडिटवर, पगारावर की विनामोबदला? पुढच्या दोन वर्षांत तुमची रजा आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तिकडे तो उद्धटपणा मानला जात नाही.

वेळापत्रकात बसेल असाच प्रश्न निवडा

संशोधनाचा विषय भारी आहे की नाही, यापेक्षा तो १४ आठवड्यांच्या सत्रात आणि १० आठवड्यांच्या उन्हाळ्यात मावतो का, हे आधी पाहावं. ते बरंचसं प्रयोग कोणत्या सजीवावर करायचा यावर अवलंबून असतं. सी. एलिगन्स ही कृमी २० अंश सेल्सिअसला साधारण तीन-साडेतीन दिवसांत एक पिढी पूर्ण करते. फळमाशी २५ अंशांवर अंड्यापासून प्रौढ व्हायला सुमारे १० दिवस घेते. यीस्ट ३० अंशांवर दीड तासाच्या आसपास दुप्पट होतं. उंदराला गर्भाचे तीन आठवडे, दूध तुटायला तीन आठवडे, आणि जन्मापासून वयात यायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे एका पिढीतच उन्हाळा संपतो. उंदरांवर काम करू नये असं नाही. पण मग तुमचा वाटा आधीच जमवलेल्या ऊतींच्या विश्लेषणाचा असावा, नव्या पैदाशीचा नसावा.

फळमाशीचंच जवळून बघा, कारण लिबरल आर्ट्स कॉलेजांत ती सर्रास असते. क्रॉस लावायला, म्हणजे ठरवलेल्या नर-माद्यांची जोडी जमवायला, कुमारी माद्या लागतात. २५ अंशांवर कोषातून बाहेर आल्यावर साधारण आठ तासांनी मादी नराशी संग करू शकते, म्हणून सकाळी बाटली पूर्ण रिकामी करायची आणि त्यानंतर आठ तासांच्या आत नव्याने निघालेल्या माद्या वेगळ्या करायच्या. मंगळवारी दुपारभर ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत वर्ग असेल, तर त्या दोन्ही दिवशी हे जमत नाही. बाटली १८ अंशांवर ठेवली की मुदत जवळजवळ दुप्पट होते. रात्री १८ अंशांवर ठेवून सकाळी वेचणं हा विद्यार्थ्यांच्या कामाचा मार्ग आहे. एक जरी गाभण मादी मिसळली, तर पुढच्या पिढीचे आकडे बिघडतात आणि ते दहा दिवसांनी कळतं.

वेळेचे तुकडे कसे आहेत, यालाही तितकंच महत्त्व आहे. पीसीआरला (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याला) दीड-दोन तास, त्यानंतरच्या जेलला पाऊण तास, शिवाय तयारी आणि आवराआवर. तासा-तासाच्या आठ फटी मिळून काहीच होत नाही, चार-चार तासांचे दोन सलग तुकडे मिळाले तर एक प्रयोग पुरा होतो. सत्राचे विषय निवडताना हे दोन तुकडे आधी राखून ठेवा.

पहिला महिना: हात आणि वही

पहिल्या आठवड्यात पिपेट शिका, अगदी वजनकाट्यावर. १०० मायक्रोलिटर पाणी म्हणजे १०० मिलिग्रॅम. पी२०० पिपेटने दहा वेळा पाणी टाकून प्रत्येक वेळी वजन लिहा. आकडे ९९ ते १०१ च्या बाहेर जात असतील तर अंगठा घाईत सुटतो आहे किंवा टोक नीट बसलेलं नाही. पी२०० ची मर्यादा २० ते २०० मायक्रोलिटर. त्याने २ मायक्रोलिटर घ्यायला जाणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक. त्यासाठी पी२० किंवा पी१० असतो.

दुसरी ठरलेली चूक नियंत्रण नमुना वगळण्याची. पीसीआरच्या प्रत्येक खेपेला एका नळीत डीएनएऐवजी पाणी घाला. त्या नळीत पट्टी दिसली तर द्रावणात कुठेतरी दूषण शिरलं आहे आणि त्या दिवसाच्या सगळ्या पट्ट्या बाद. अशा वेळी नवं पाणी, नवे प्रायमर (प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) आणि एन्झाइमची नवी नळी असं एकेक बदलत मूळ शोधायचं. सगळं एकदम बदललं तर काम चालू होतं, पण चूक कुठे होती ते कळत नाही.

वहीत तारीख, उद्देश, प्रत्येक द्रावणाचा लॉट क्रमांक, किती मायक्रोलिटर, कोणतं यंत्र, किती वाजता सुरू, काय दिसलं आणि पुढे काय करायचं, एवढं हवंच. फसलेला प्रयोगही लिहायचा. खोडायचं तर एकच आडवी रेघ मारून, खालचं वाचता येईल असं. ‘नेहमीप्रमाणे केलं’ हे वाक्य वहीत कधीच नको, कारण तीन महिन्यांनी ‘नेहमी’ म्हणजे काय ते तुम्हालाही आठवत नाही.

पहिले दोन महिने कंटाळवाणे जातात: वाढीचं माध्यम बनवा, बाटल्या धुवा, जुन्याच प्रयोगाची पुनरावृत्ती करा. ते करायलाच हवं. सहा महिन्यांनंतरही तेवढंच काम असेल, तर मात्र प्राध्यापकांना भेटून ‘या प्रकल्पातला एक छोटा प्रश्न मी स्वतः सांभाळू का?’ असं स्पष्ट विचारा. लॅब बदलण्याआधी हे बोलणं व्हायलाच हवं. दर सत्राला नवी लॅब धरणाऱ्याच्या अर्जात चार ओळी वाढतात आणि पत्र लिहिण्याइतकं त्याला कोणीच ओळखत नसतं.

लॅब नको असेल तर

मेडिकल कॉलेजं ‘संशोधन’ म्हणजे फक्त टेस्ट ट्यूब मानत नाहीत. मानसशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, आकडेशास्त्र, मानववंशशास्त्र हे सगळं चालतं. हाताशी यंत्रं नसतील तर एनएचएएनईएस हा अमेरिकन सरकारचा आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा फुकट उतरवून घेता येतो. १९९९ पासून तो सहसा दोन-दोन वर्षांच्या फेऱ्यांत येतो. मुलाखतीसोबत रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल अशा तपासण्याही असतात.

इथे घात होतो तो भारांकात, म्हणजे प्रत्येक सहभागी लोकसंख्येतल्या किती जणांच्या जागी मोजायचा त्या आकड्यात. काही गटांतले लोक मुद्दाम जास्त निवडलेले असतात, म्हणून साधी सरासरी काढली की उत्तर चुकतं. फक्त मुलाखतीचे प्रश्न वापरत असाल तर मुलाखतीचा भारांक, तपासणीचे आकडे घेतले तर तपासणी केंद्राचा, उपाशीपोटीची साखर घेतली तर उपाशी गटाचा वेगळा भारांक. २००१ नंतरच्या दोन-दोन वर्षांच्या दोन फेऱ्या जोडल्या तर दोन वर्षांचा भारांक निम्मा करायचा, तीन जोडल्या तर तिसरा हिस्सा. ‘आर’ या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधलं सर्व्हे पॅकेज हे सांभाळतं, पण नमुना निवडतानाचे थर आणि गट कोणते हे त्याला तुम्हीच सांगावं लागतं.

घरात मधुमेह आणि हृदयविकार बघितलेल्या आपल्या मुलांना दक्षिण आशियाई लोकांवर काम करावंसं वाटतं. एनएचएएनईएसमध्ये २०११ पासून आशियाई हा वेगळा गट मिळतो, पण त्यात भारतीय वेगळे काढता येत नाहीत. त्यासाठी मसाला नावाचा अभ्यास आहे. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोत सुरू झालेल्या या अभ्यासात पहिल्या फेरीत ९०६ दक्षिण आशियाई सहभागी होते. त्याचे प्रसिद्ध झालेले पेपर वाचून प्रश्न घडवणं हे दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही जमण्यासारखं आहे.

माणसांना प्रश्नावली द्यायची असेल तर आधी कॉलेजच्या नैतिकता समितीची, म्हणजे आयआरबीची मंजुरी लागते. तिच्याआधी सिटी नावाचं ऑनलाइन प्रशिक्षण करावं लागतं. साध्या प्रश्नावलीलाही दोन-चार आठवडे जातात, आणि उन्हाळ्यात समिती बसेलच असं नाही. जूनमध्ये काम सुरू करायचं तर मार्चमध्ये अर्ज द्या. मंजुरीआधी गोळा केलेली माहिती नंतर वापरता येत नाही.

पैसे, व्हिसा आणि बाहेरचा उन्हाळा

एनएसएफच्या आरईयू या उन्हाळी संशोधन कार्यक्रमात दहाएक आठवड्यांचं काम, आठवड्याला साधारण ६०० ते ७०० डॉलर आणि बहुधा राहण्याची सोय मिळते. मुदती जानेवारी ते मार्च. मात्र तो अमेरिकन नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच आहे. अमेरिकेतल्या ॲमजेन स्कॉलर्स या कार्यक्रमाचंही तसंच. एफ-१ च्या मुलांसाठी कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबोरेटरीच्या पदवी कार्यक्रमासारखी मोजकी दारं उघडी असतात आणि तिथे चुरस मोठी. शिवाय हे कार्यक्रम सरकारी निधीवर हेलकावे खातात: २०२५ मध्ये एनआयएचने आपला समर इंटर्नशिप कार्यक्रम रद्द केला आणि अनेक आरईयूही त्या वर्षी झाले नाहीत. म्हणून स्वतःच्या कॉलेजची समर फेलोशिप हा पहिला पर्याय धरा, बाहेरचे अर्ज त्याच्या जोडीला.

एफ-१ वर स्वतःच्या कॉलेजात काम करायला वेगळी परवानगी लागत नाही. सत्रात आठवड्याला २० तासांपर्यंत, सुटीत पूर्ण वेळ. दुसऱ्या विद्यापीठात पगारी काम करायचं तर सीपीटी, म्हणजे अभ्यासाचा भाग म्हणून बाहेर काम करायची परवानगी, लागतो. त्यासाठी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं आणि काम अभ्यासक्रमाशी जोडलेलं असावं लागतं. अनेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत इंटर्नशिपचा कोर्सच नसतो, तिथे सीपीटीचं घोडं अडतं. हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला नोव्हेंबरातच विचारा, ऑफर हातात आल्यावर नाही. ‘पगार नाही, स्टायपेंड आहे’ किंवा ‘मी फुकट करतो’ म्हटल्याने नियम आपोआप टळत नाही, तिथेही आधी विचारायचं. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाला तर पदवीनंतरचा ओपीटी (तेव्हा काम करायची परवानगी) जातो.

हातात येणारी रक्कम जाहीर रकमेपेक्षा कमी असते. फेलोशिप म्हणून दिलेल्या करपात्र रकमेतून एफ-१ विद्यार्थ्यांचे सहसा १४ टक्के कापले जातात आणि वर्ष संपल्यावर १०४२-एस हा फॉर्म येतो. भारत-अमेरिका कर कराराच्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. रिटर्न भरताना ते मागायला विसरू नका.

उन्हाळ्यात घरी येऊन पुण्या-मुंबईतल्या एखाद्या संस्थेत काम करायचं असेल, तर भारतात भारतीय संस्थेसाठी केलेल्या कामाला सीपीटीचा प्रश्न येत नाही. रुग्णांची माहिती हाताळणार असाल तर इथल्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हवी, आणि तीच माहिती पुढे अमेरिकेत थीसिसला वापरायची तर तिथल्या आयआरबीचीही. दोन्ही कागद हातात नसताना डेटा लॅपटॉपवर घेऊन विमानात बसू नका.

पोस्टर, अर्ज, पत्र

कॉलेजच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पोस्टर दिवसाला नक्की उभे राहा. पुढची पायरी एनसीयूआर, म्हणजे पदवी संशोधकांची राष्ट्रीय परिषद. ती वसंतात भरते. पैसे भरा आणि छापून घ्या अशा नियतकालिकांच्या वाटेला मात्र जाऊ नका. निवड समितीतले डॉक्टर ती नावं ओळखतात.

एएमकॅसमध्ये अनुभवांच्या १५ नोंदी, प्रत्येकी ७०० अक्षरचिन्हं, मोकळ्या जागा धरून. तीन नोंदी ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात, त्यांना आणखी १३२५ मिळतात. ७०० मध्ये तंत्रांची यादी भरू नका. प्रश्न एका वाक्यात, तुम्ही स्वतः काय केलं दोन वाक्यांत, काय सापडलं किंवा का सापडलं नाही एका वाक्यात. वहीत आहे तेवढंच लिहा, कारण मुलाखतीत ‘नियंत्रण नमुना काय होता?’ असा प्रश्न येतो. एमडी-पीएचडीला यावर दोन निबंध वाढतात, ३००० आणि १०,००० अक्षरचिन्हांचे. दुसरा संपूर्ण संशोधनाच्या अनुभवावरच असतो.

अनेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत प्रीमेड समिती एकत्रित पत्र पाठवते, आणि तिची अंतर्गत मुदत अर्जाच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच असते. प्राध्यापकांना पत्र मागताना दोन महिने आधी मागा. सोबत तुमचं पोस्टर, वहीतली दोन-तीन पानं आणि तुम्ही एकट्याने सोडवलेल्या एका अडचणीची आठवण द्या. ते तिघा-चौघांची पत्रं लिहीत असतात आणि नेमका प्रसंगच पत्राला वजन देतो.

लॅब सोडण्याआधीचा एक आठवडा हस्तांतरणाला ठेवा. फ्रीझरमधल्या प्रत्येक नळीवर नाव, तारीख आणि वहीचा पान क्रमांक लिहा. पेनाची शाई उणे ८० अंशांत पुसली जाते, म्हणून फ्रीझरचेच लेबल वापरा. माश्यांच्या किंवा कृमींच्या वाणांची यादी एका तक्त्यात करा. डेटाच्या फोल्डरमध्ये कोणत्या फाइलमध्ये काय आहे हे सांगणारं एक पान ठेवा. मूळ वही लॅबची असते, ती तिथेच राहते. आपल्यासाठी पानांचे फोटो घ्यायचे असतील तर प्राध्यापकांना विचारून घ्या. मग पुढच्या मुलाला शेजारी बसवून एक पूर्ण प्रयोग त्याच्या हाताने करून घ्या. त्यात तो जिथे अडखळेल, ती पायरी तुमच्या लिखित पद्धतीत राहून गेलेली असते. ती त्याच दिवशी लिहून टाका.